शिक्षा की शिकवण?

कुत्र्याच्या पिलाने घरात घाण केली, यावर वार्षिक अंकात लेख लिहावा असे काय आहे, असे काही वाचकांना वाटेल. परंतु रोह्यात काय किंवा पेणमध्ये काय, हौसेने घरी आणलेली पिल्ले पुढे बाजारात किंवा नदीकाठी सोडून दिलेली मी पाहिली आहेत. विचारले तर उत्तर ठरलेले : "घरभर घाण करतं." प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धच्या 1960 च्या कायद्याने जनावराला असे विनाकारण उपाशी मरण्यासाठी टाकून देणे हा गुन्हा आहे, हे कितीजणांना माहीत असेल?

पूर्वी आपल्याकडे कुत्रा अंगणात असे. ओटीपर्यंत आला तर आला. घरातली जमीन शेणाने सारवलेली आणि कुत्र्याचे काम राखणीचे. तेव्हा त्याला घरातली शिस्त लावण्याचा प्रश्नच नव्हता. आता अंगणे गेली, लाद्या आल्या आणि पिल्लू खाटेशेजारी आले. घरात राहणारी ही त्यांची पहिलीच पिढी म्हणायची! आमच्या घरातून कॉलेजात आलेली मीही पहिलीच. कुठे काय करायचे हे सांगणारे घरात कोणी नसले म्हणजे कसे होते, हे मला चांगले ठाऊक आहे.

आमच्याकडे आषाढात पिल्लू आले. शेजारच्या काकूंनी लगेच उपाय सांगितला, "नाक घास त्याचं तिथं नि दे दोन चापट्या. परत नाय करायचं." हा उपाय बहुतेक घरांत चालतो. माझे स्पष्ट मत आहे की तो चुकीचा आहे.

कृती आणि तिचे फळ यांत काही क्षणांचेच अंतर असेल, तरच जनावर त्यांचा संबंध जोडते. पाच मिनिटांनी मारलेल्या चापटीचा संबंध ते लादीवरच्या डागाशी नव्हे, तर मारणाऱ्या हाताशी जोडते. मग ते खाटेखाली लपून तेच करते आणि आपण त्याला लबाड ठरवतो! शिवाय दोन महिन्यांच्या पिलाला लघवी दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरवत नाही. शरीराला जे जमत नाही, त्याची शिक्षा कसली?

मग करावे काय? झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला ठरलेल्या एकाच जागी न्यावे. पावसात पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाचा तुकडा घालावा. तिथे केले की त्याच क्षणी कौतुक करून भाकरीचा तुकडा द्यावा. घरात करताना दिसले तर न ओरडता उचलून बाहेर न्यावे. नंतर दिसले तर मुकाट्याने फडके घ्यावे. आधी टिपून घ्यावे, मग धुवावे. अमोनियाच्या वासाचे औषध वापरू नये. लघवीलाही तसाच वास असल्याने पिल्लू पुन्हा तिथेच जाते. टिपलेले फडके बाहेरच्या जागी ठेवले तर तोच वास उपयोगी पडतो. विष्ठेतून जंत पसरतात, म्हणून हात साबणाने धुवावेत आणि पिलाला जंताचे औषध द्यावे. शिकलेले पिल्लू पुन्हा वारंवार घरात करू लागले, तर छडी न शोधता जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे.

महाभारताच्या आदिपर्वात सरमा नावाच्या कुत्रीची कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञात तिच्या पिलाने हविर्द्रव्याला तोंडही लावले नव्हते, तरी राजाच्या भावांनी त्याला मारले. "अपराध नसताना का मारलेत?" असे सरमेने येऊन विचारले. भरल्या यज्ञमंडपात कोणापाशीही उत्तर नव्हते.

तोच प्रश्न आज आपल्या लादीवर उभा आहे. मित्रहो, पिल्लू आणायचे तर फडके हाती घेण्याची तयारी हवी. ती नसेल त्याने पिल्लू आणूच नये.