नदीच्या गाळांतील विमान

जीर्णोद्धार म्हटला कीं आपल्यापुढें देऊळ उभें राहतें. पण हा शब्द एका विमानासही कसा यथार्थ लागतो तें पाहा.

नॉर्वे सरकारनें १९४० सालीं अमेरिकेंतील नॉर्थ्रॉप कारखान्यास, चाकांच्या जागीं दोन लांबट नावा बसविलेलीं, पाण्यावरच उतरणारीं २४ विमानें सांगितलीं. तीं तयार होण्यापूर्वींच जर्मनांनीं देश घेतला; तेव्हां परागंदा नॉर्वेजियन वैमानिकांनीं १९४१ पासून आइसलंडच्या किनाऱ्यावर तींच चालवून मालाच्या जहाजांची राखण केली. पैकीं एक २१ एप्रिल १९४३ रोजीं खराब हवेमुळें थ्योर्सा नदींत उतरलें आणि बुडालें. माणसें वांचलीं.

समुद्रांत ॲल्युमिनमचा पत्रा झडतो, आणि वर काढल्यावर अंगांत मुरलेलें मीठ त्यास अधिकच खातें. ही नदी मात्र हिमनद्यांच्या गोड्या पाण्याची. तिच्या गाळानेंच विमान झांकून ठेविलें. १९७९ सालीं पाणबुड्यांनीं तें वर काढलें, तेव्हां त्या २४ पैकीं दुसरें एकही अखंड उरलेलें नव्हतें.

पुढची गोष्ट मला फार मोलाची वाटते. अवशेष कॅलिफोर्नियांत मूळ कारखान्याकडे गेले, आणि ज्यांनीं तारुण्यांत हीं विमानें बांधिलीं होतीं असे कांहीं निवृत्त कारागीर विनावेतन कामास आले. पुष्कळ पत्रा नवा घालावा लागला. मग तें जुनें कसलें, असें एखादा नैयायिक विचारील! त्याच हातांनीं सांधलेलें विमान मी तरी जुनेंच म्हणेन. तें आणखी वीस वर्षें गाळांत राहिलें असतें, तर पत्रा मिळाला असता. हे हात मिळाले नसते. १९८० च्या नोव्हेंबरांत काम पुरें झालें, व पुढें विमान नॉर्वेस पोहोंचलें.