करुण कथेआड दडलेली तबकडी

कलावंताच्या वाट्याला येणारी उपेक्षा दोन प्रकारची असते. त्याच्या हयातीत त्याची कृती फारसे कोणी विकत घेत नाही, ही पहिली. आणि त्याच्या मृत्यूनंतर त्या कृतीकडे केवळ मृत्यूची पूर्वसूचना म्हणून पाहिले जाते, ही दुसरी. पहिलीविषयी हळहळ सर्वत्र व्यक्त होते. दुसरी मात्र प्रेमाचा वेष घेऊन येत असल्यामुळे सहसा ध्यानात येत नाही. लंडनच्या ‘द साउंड’ या बँडच्या ‘जेपर्डी’ या पहिल्या ध्वनिमुद्रिकेला या दोन्ही उपेक्षा भोगाव्या लागल्या. १९८० साली निघालेल्या या तबकडीवरील चाहत्यांचा जिव्हाळा चार दशकांनंतरही आटलेला नाही. तो नेमका कशावर जडला आहे, हे मात्र तपासून पाहणे अगत्याचे आहे.

ब्रिटनमध्ये १९७६-७७ च्या सुमारास ‘पंक’ संगीताची लाट उसळली. वाद्यावर प्रभुत्व नसले तरी चालेल, सांगण्यासारखे काही असले म्हणजे पुरे, हा तिचा बाणा होता. ती ओसरल्यावर अनेक तरुणांनी तिचे स्वातंत्र्य तेवढे ठेवले आणि आरडाओरडा टाकून दिला. त्यांच्या संगीतास ‘पोस्ट-पंक’ असे नाव पडले. विम्बल्डनचे एड्रियन बोर्लंड हे त्यांपैकीच एक. ‘द आउटसायडर्स’ या आपल्या आधीच्या बँडची ध्वनिमुद्रिका त्यांनी व त्यांच्या साथीदारांनी १९७७ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केली होती. १९७९ मध्ये ‘द साउंड’ची उभारणी झाली. गायन व गिटार बोर्लंड यांच्याकडे, बास गिटार ग्रॅहम बेली यांच्याकडे, ड्रम माइक डडली यांच्याकडे, तर कीबोर्ड बाय मार्शल यांच्याकडे होता. ‘जेपर्डी’ निघाली तेव्हा बोर्लंड अवघे बावीस वर्षांचे होते.

‘जेपर्डी’ म्हणजे धोका. या ध्वनिमुद्रिकेत अकरा गाणी आहेत. पहिले गाणे माणसाला स्वतःपासून सुटका नसल्याचे सांगते. त्याचा आरंभ जवळजवळ रिकामा आहे: बासचे मोजके स्वर, ड्रमचा संयत ठेका, गिटारचा अधूनमधून उमटणारा ओरखडा. मग ध्रुपदापाशी सारी वाद्ये एकदम कोसळतात आणि पुन्हा मागे सरतात. यानंतरच्या ‘हार्टलँड’मध्ये कीबोर्डच्या लाटेवर स्वार झालेला वेग आहे, तर ‘मिसाइल्स’मध्ये क्षेपणास्त्रे घडविणाऱ्यांविषयीचा उघड संताप. युरोपात नवी अण्वस्त्रे आणून ठेवण्याचा निर्णय नाटो संघटनेने डिसेंबर १९७९ मध्ये घेतला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या संतापाचा संदर्भ कळतो.

ब्रिटनमधील संगीत-साप्ताहिकांनी या ध्वनिमुद्रिकेची मनापासून प्रशंसा केली. ग्राहकांनी मात्र पाठ फिरविली. याच वर्षी याच ‘कोरोव्हा’ कंपनीने काढलेली ‘एको अँड द बनीमेन’ या लिव्हरपूलच्या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका ब्रिटनच्या विक्री-यादीत पहिल्या वीसांत पोहोचली. ‘जेपर्डी’ मागे राहिली. १९८२ च्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेनंतर कंपनीशी संबंध संपला. नेदरलँड्समध्ये निष्ठावान श्रोते लाभले, तरी १९८८ च्या सुमारास बँड विसर्जित झाला. पुढे दीर्घ मानसिक आजाराशी झगडत असलेल्या बोर्लंड यांनी एप्रिल १९९९ मध्ये स्वतःचे जीवन संपविले.

दुसऱ्या उपेक्षेचा आरंभ येथूनच होतो. शेवट ठाऊक झाला की श्रोता तो आरंभात शोधू लागतो. पहिल्याच गाण्यात पुढच्या आजाराची चाहूल ऐकणे, आणि सारी ध्वनिमुद्रिका म्हणजे एका दुःखी जिवाचे निवेदन मानणे, हा मग रिवाजच होऊन बसतो. त्या गाण्यांत एकाकीपणा आहेच, असा युक्तिवाद यावर केला जाईल, आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु एकाकीपणाविषयी गाणे रचणे आणि एकाकीपणाने ग्रासले जाणे या भिन्न गोष्टी आहेत. कोठे थांबावे, कोठे कोसळावे, हे नेमके ठरवून चौघांनी मिळून वाजविलेले हे संगीत आहे. त्यात शिस्त आहे, तशीच बाहेरच्या जगाकडे रोखलेली नजरही आहे. शिवाय या ध्वनिमुद्रिकेनंतर बँडने आणखी चार मोठ्या ध्वनिमुद्रिका काढल्या आणि १९९० च्या दशकात बोर्लंड यांनी स्वतंत्रपणे काम चालू ठेवले. अठरा वर्षे आधीच्या, उमेदीच्या भरात घडलेल्या कृतीला निरोपाचे पत्र ठरविणे हा तिच्या कर्त्यावर अन्याय आहे. त्याच्या कौशल्याचे श्रेय त्याच्या आजाराच्या खात्यावर जमा करण्यासारखेच ते आहे.

चाहत्यांच्या निष्ठेला कमी लेखण्याचे येथे प्रयोजन नाही. या शतकाच्या आरंभी ‘जेपर्डी’ पुन्हा बाजारात आली आणि २०१६ मध्ये बोर्लंड यांच्यावर डच दिग्दर्शकाचा माहितीपटही निघाला, तो या निष्ठेच्याच बळावर. बाजाराने निकाली काढलेली कृती मूठभर माणसांच्या ममत्वावर तगून राहते, याचा हा पुरावाच होय. परंतु ममत्वाची जबाबदारी कृती जिवंत ठेवण्यापाशी संपत नाही. नव्या श्रोत्याच्या हाती ती देताना तिच्यासोबत शोककथेचे गाठोडेही देण्याची सवय सोडावयास हवी. त्याने प्रथम गाणी ऐकावीत आणि कर्त्याचे चरित्र मागाहून वाचावे. ‘जेपर्डी’ला सहानुभूतीची गरज नाही. १९८० साली तिला हवे होते ते श्रोते, आणि आजही तिला तेच हवे आहेत.