हातोडा शोधताना सापडलेलं रोम

नोव्हेंबर १९९२. इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधायला त्याचा मित्र, एरिक लॉज नावाचा निवृत्त माळी, धातुशोधक यंत्र घेऊन आला. यंत्र वाजलं, पण मातीतून निघाले चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी.

थोडं उकरून लॉज थांबला.

खरी बातमी ही थांबण्याची आहे. त्याने पोलिसांना आणि जमिनीची मालक असलेल्या कौंटी कौन्सिलला कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञ शेतात उतरले. माती हलली नव्हती, म्हणून ओकच्या पेटीत काय कुठे ठेवलं होतं हेही कळलं. नाणी निघाली १४,८६५. त्यांतली शेवटची इ.स. ४०७-०८ची, म्हणजे ब्रिटनमधली रोमन सत्ता मोडकळीला आली तेव्हाची. काही चमच्यांवर ‘ऑरेलियस उर्सिसिनस’ हे नाव कोरलेलं. शिवाय एका रोमन बाईच्या आकाराची चांदीची मिरेदाणी. बुडाची चकती फिरवली की भोकं उघडतात. मिरी अर्थातच आपल्या मलबार किनाऱ्यावरची!

त्याच सफोकमध्ये १९४२ साली मिल्डनहॉलजवळ नांगराला रोमन चांदीची भांडी लागली होती. ती चार वर्षं घरातच राहिली. १९४६मध्ये उजेडात आली तोवर मातीतली साक्ष गेली होती. ती तिथे सापडली तरी का, अशी शंका पुढे घेतली गेली. भांडी अप्रतिमच, पण गावाच्या इतिहासात ती अर्धवट बोलतात.

लॉजला साडेसतरा लाख पौंड मिळाले. त्यांत त्याने शेतकऱ्यालाही वाटा दिला. हे बक्षीस काहींना फार वाटेल. ते सोन्याचं नाही, फावडं थांबवल्याचं आहे, आणि तेवढं द्यायलाच हवं. १९९७पासून इंग्लंड-वेल्समध्ये सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारे अधिकारीही गावकऱ्यांना भेटतात.

आपल्याकडे १८७८चा निखात निधी कायदा आहे. कलेक्टरला कळवणं त्यात बंधनकारक आहे आणि शोधणाऱ्याच्या वाट्याची तरतूदही आहे. रोमशी व्यापार करणाऱ्या तेरमधल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी स्वतःच्या हौसेने जमवल्या, म्हणून तिथे संग्रहालय उभं राहिलं. पण विहीर खणताना खापर किंवा नाणं लागलं तर कलेक्टर कचेरीची पायरी किती जण चढतील? निदान तेर, नेवासा, पैठणच्या पट्ट्यात तरी कॅमेरा आणि मोजपट्टी घेऊन बांधावर येणारा एक माणूस सरकारने नेमावा. आणि त्याने आल्या आल्या पंचनाम्याची भाषा काढू नये.