अळी नको, मग डोंगर हवा का?

ओल्या कचऱ्याच्या ड्रममध्ये अळ्या वळवळताना दिसल्या की ठाण्या-डोंबिवलीच्या सोसायट्यांत पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो. ग्रुपवर फोटो, सेक्रेटरीला फोन आणि संध्याकाळपर्यंत ड्रममध्ये फिनाईल. करड्या, चपट्या, जाड कातडीच्या या अळ्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. खरकटं फुकटात संपवणाऱ्या या जिवाला मारायला आपण वर्गणीतून खर्च करतो.

पहिला आक्षेप रोगराईचा. माशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घरमाशी येते, जी उकिरड्यावरून उठून थेट ताटावर बसते. सोल्जर फ्लाय तसं करत नाही, कारण माशी झाल्यावर तिला अन्नाची गरजच नसते. अळी असताना साठवलेल्या चरबीवर आठवडाभर जगते, अंडी घालते आणि मरते. दिसायला गांधीलमाशीसारखी, पण तिला नांगी नाही आणि ती चावतही नाही. उलट जिथे हिच्या अळ्या दाटीने असतात, तिथे घरमाशी अंडी घालायला फारशी येत नाही. कोंबड्यांच्या विष्ठेवर अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत हे दिसून आलेलं आहे. तेव्हा माश्यांच्या भीतीने या अळ्या मारणं म्हणजे घरमाशीला रान मोकळं करून देणं.

दुसरा आक्षेप किळसेचा, आणि तो जास्त प्रामाणिक आहे. वाढ पूर्ण झालेली अळी काळपट होते, ओलं सोडून कोरड्या जागेच्या शोधात वर चढते आणि नेमकी भिंतीवर कुणाच्या तरी नजरेस पडते. पण याच सवयीचा उपयोग होतो. ड्रमला आतून तिरकी पट्टी लावली की अळ्या आपणहून चढून बाहेरच्या डब्यात पडतात, त्या वेचाव्या लागत नाहीत. गांडुळाला आपण शेतकऱ्याचा मित्र म्हणतो. पण तेलकट भाजी, मसाला, मटणाचा रस्सा यांपुढे गांडूळ हात टेकतं. ही अळी दोन-तीन आठवड्यांत तेही फस्त करते आणि कचऱ्याचं वजन निम्म्याहून खाली आणते. उरतं ते खत. वाळवलेल्या अळीत साधारण चाळीस टक्के प्रथिनं असतात. कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यात आज सुक्या मासळीची भुकटी जाते. तिचा काही भार ही अळी उचलू शकते.

‘बायोगॅस आहे ना, मग हे कशाला?’ कल्याणच्या उंबर्ड्याचा बायोगॅस प्रकल्प चालावा, वाढावा. पण एकाच प्रकल्पाच्या भरवशावर शहर सोडल्याचं फळ आपण चाखलेलं आहे. आधारवाडी डम्पिंगचा ढीग पेटायचा तेव्हा कल्याणकर दारं-खिडक्या लावून बसत. कचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून उच्च न्यायालयाने एप्रिल 2015 मध्ये कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांनाच मनाई केली होती. आधारवाडीत कचरा टाकणं थांबायला 2021 उजाडलं. ठाण्याने 2023 मध्ये दिव्याचं डम्पिंग बंद केलं, तर कचरा भंडार्लीकडे निघाला, पुढे आतकोलीचं नाव आलं. शहराचं खरकटं गावाच्या वेशीवर नेऊन टाकण्याला व्यवस्था म्हणत नाहीत.

आता थोडं अळीच्या भक्तांविषयी. ‘ती सगळं खाते’ ही विक्रेत्याची भाषा झाली. शहाळं, आंब्याची कोय, हाड तिला पचत नाही, आणि प्लॅस्टिकची पिशवी तर नाहीच. कचऱ्यात कॅडमियमसारखे जड धातू असले तर ते तिच्या अंगात साठतात. ड्रममध्ये पाणी साचलं किंवा तिच्या भुकेपेक्षा जास्त कचरा पडला की वास सुटतो, आणि आपल्याकडे पाऊस चार महिने असतो. युरोपने कीटकांची प्रथिनं 2017 मध्ये माशांच्या आणि 2021 मध्ये कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात चालवून घेतली, पण त्या कीटकांना हॉटेल-घरांतलं खरकटं घालायला मात्र मनाई ठेवली. ही सावधगिरी आपणही पाळावी. खरकट्यावरच्या अळीपासून खत घ्यावं, खाद्यासाठी अळी वाढवायची तर ती निव्वळ भाजी-फळांवर.

म्हणूनच माझा आग्रह अळीच्या महाप्रकल्पाचा नाही. घंटागाडीतून आलेल्या मिसळलेल्या कचऱ्यावर अळी सोडणं म्हणजे तिला बदनाम करण्याची सोय. तिची जागा कचरा एकजिनसी निघतो तिथे आहे: कल्याणची कृषी उत्पन्न बाजार समिती, ठाण्याचा जांभळी नाका, मंगल कार्यालयांचे मुदपाकखाने, हॉटेलं. रोज शंभर किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, असं 2016 च्या घनकचरा नियमांत म्हटलं होतं. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी सुरुवात बाजारापासून करावी. छप्पर घातलेला एक ओटा, झाकणाची पिंपं, भाजीतून प्लॅस्टिक वेचून काढणारी दोन पगारी माणसं आणि वर्षभराचा वजनाचा हिशेब लोकांसमोर. हिशेब जमला नाही तर खुशाल बंद करा. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना एवढंच सांगणं, की पुढच्या वेळी ड्रममध्ये अळ्या दिसल्या तर फिनाईलऐवजी सुका पालापाचोळा घाला आणि झाकण लावा.