लहान खोली हा मोठ्या खोलीचा संक्षेप नव्हे

घर बदलले आणि नव्या घरातली झोपायची खोली जुनीहून लहान निघाली, की आपल्याकडे माणसाला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला सल्ला वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि गृहसजावटीच्या मासिकांतून येतो : खोली लहान आहे हे दिसू देऊ नका. दुसरा आप्तेष्टांकडून येतो, आणि तो सल्ल्याच्या नव्हे, उसाशाच्या रूपात असतो : काय ते जुने ऐसपैस घर, आणि काय हे खुराडे! एक लपवायला सांगतो, दुसरा हळहळायला लावतो. वरवर वेगळ्या वाटणाऱ्या ह्या दोन्ही भूमिकांचा पाया मात्र एकच आहे. लहान खोली म्हणजे मोठ्या खोलीतून कापाकापी करून उरलेला भाग, असे दोघेही धरून चालतात. आमचा आक्षेप ह्या गृहीतकाला आहे. तो साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्याचे कारण असे की, हे गृहीतक खोडून काढण्याची साधने साहित्यविचाराकडे फार पूर्वीपासून आहेत. लघुकथा ही कादंबरीचा संक्षेप नसते, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो. पात्रे कमी केली, वर्णने छाटली, म्हणजे कादंबरीची लघुकथा होत नाही; लघुकथेचा विचारच वेगळ्या ठिकाणापासून सुरू होतो. घरी परतल्यावर मात्र हा धडा आपण चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवतो.

गृहसजावटीची पाककृती आता सर्वांना तोंडपाठ झाली आहे. भिंती पांढऱ्या किंवा फिकट. एका भिंतीवर मोठा आरसा. कपाटाला सरकती दारे, शक्य तर तीही आरशाची. पलंगाखाली सामानाचा हायड्रॉलिक खोका. फॉल्स सीलिंगमध्ये दडवलेले दिवे. आणि नजरेस पडेल अशी वस्तू शक्यतो एकही नको. प्रत्येक सूचनेमागचे कारण एकच : खोली मोठी वाटते. पण कोणाला वाटते? जो माणूस तिथे रोज निजतो, त्याला खोलीची लांबीरुंदी पायांनी पाठ असते. मध्यरात्री दिवा न लावता तो पाण्याच्या तांब्यापर्यंत जातो आणि न ठेचकाळता परत येतो. आरसा फसवू शकेल तो दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला, आणि त्यालाही पहिली पाच मिनिटेच. म्हणजे घरातली जी खोली सर्वांत खाजगी, जिथे पाहुणा सहसा पाऊल टाकत नाही, ती पाहुण्याच्या डोळ्यांसाठी सजवायची. राहणाऱ्याने आपल्याच खोलीत परक्याच्या नजरेने वावरायचे! ह्याला सजावट म्हणण्यापेक्षा अब्रू झाकणे म्हटलेले अधिक खरे.

थोडा हिशोब करू. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ सालच्या आवृत्तीप्रमाणे घरात दोन खोल्या असल्यास एक किमान ९.५ चौरस मीटर आणि दुसरी किमान ७.५ चौरस मीटर असावी लागते. ७.५ चौरस मीटर म्हणजे सुमारे ८१ चौरस फूट; ढोबळमानाने दहा बाय आठ. ह्या खोलीत सहा बाय सव्वासहा फुटांचा डबलबेड घातला की साडेसदतीस चौरस फूट संपले. दोन फूट खोल आणि सहा फूट लांब कपाटाने आणखी बारा घेतले. ऐंशीपैकी पन्नास फूट सामानाने व्यापले. उरलेल्या तिसांत दार उघडायचे, कपाटाचे खण ओढायचे आणि माणसाने उभे राहायचे. ही दाटी खोलीने केलेली नाही. बेडरूम म्हणजे डबलबेड, भिंतभर वॉर्डरोब आणि ड्रेसिंग टेबल, ही मोठ्या खोलीची यादी जशीच्या तशी लहान खोलीत उतरवल्यामुळे ती झाली आहे. त्यावर उपाय म्हणून आरसा लावायचा, आणि आरसा काय करतो? तो सामान दुप्पट करून दाखवतो.

पांढऱ्या रंगाचे आणि सपाट प्रकाशाचे खूळही असेच. तानिझाकी ह्या जपानी कादंबरीकाराने १९३३च्या सुमारास सावल्यांच्या स्तुतीपर एक दीर्घ निबंध लिहिला. जपानी घरातल्या कोनाड्याची शोभा त्यात साचलेल्या अंधारावर कशी अवलंबून असते, ह्याचे त्यात मोठे मार्मिक विवेचन आहे. ज्या खोलीचे चारही कोपरे ट्यूबलाइटच्या उजेडात एकदम दिसतात, ती एका दृष्टिक्षेपात संपते. एखादी भिंत गडद असेल, दिवा उशाशी आणि खाली असेल, एखादा कोपरा संध्याकाळनंतर अंधारात जात असेल, तर तीच खोली पाहायला वेळ लागतो. मराठीत ह्या जागेला 'खोली' म्हणतात हे आपल्या सजावटकारांनी ध्यानात घ्यावे. त्यांना फक्त लांबी आणि रुंदी दिसते.

आम्हीही अलीकडेच घर बदलले आहे, आणि आमच्या वाट्याला अशीच दहा बाय आठची खोली आली आहे. सल्ला द्यायला आलेल्या एका सजावटकाराने पुस्तकांकडे बोट दाखवून 'हा सगळा क्लटर आधी काढावा लागेल' असे सांगितले. उरतील ती रंगांच्या क्रमाने लावावीत, असेही सुचवले. आम्ही डबलबेड काढला आणि पुस्तके ठेवली. एकट्या माणसाला तीन फूट रुंद कॉट पुरते. ती पावणेएकोणीस चौरस फूट घेते, म्हणजे डबलबेडच्या निम्मी जागा. कपड्यांना दोन फूट खोल कपाट लागते, पण पुस्तकांना दहा इंचांची फळी पुरते. त्यामुळे एका भिंतीवर जमिनीपासून हात पोचेल इतक्या उंचीपर्यंत एकेरी ओळीत फळ्या बसल्या. मागच्या ओळीत दडलेले पुस्तक असून नसल्यासारखेच असते. खिडकीखाली टेबल आले. दाराच्या मागे जुन्या पद्धतीच्या चार लाकडी खुंट्या आल्या. समोरची भिंत गेरूच्या रंगाची केली, आणि ती दुपारी चारच्या उन्हात जी दिसते त्यासाठी आम्ही घरी लवकर येऊ लागलो आहोत. कॉटवर आडवे पडून हात लांबवला की कवितांची फळी हाताशी येते. हे सुख पंधरा बाय बाराच्या खोलीत मिळत नाही. तिथे पुस्तकासाठी उठावे लागते. इथे हा मोठ्या खोलीत नसलेला गुण आम्हांला दिसतो. तिच्या उणिवेची भरपाई म्हणून आम्ही त्याकडे पाहत नाही.

आता उसासे टाकणाऱ्यांकडे वळू. ऐसपैस वाड्याची आठवण काढणाऱ्यांना विचारावे, की त्या वाड्यात तुमच्या आजीची खोली कोणती होती? ओटी पुरुषांची, दिवाणखाना कर्त्याचा, माजघर सर्वांचे म्हणजे कोणाचेच नव्हे. रात्री वळकट्या पसरायच्या आणि पहाटे गुंडाळायच्या. विधवा आत्याला जिन्याखालची जागा, सुनेला दिवसा पाठ टेकायला स्वयंपाकघराचा कोपरा. घर मोठे होते, पण त्यातल्या बहुतेकांची जागा एका वळकटीएवढी होती. ज्यांना तो वाडा ऐसपैस आठवतो, ते बहुधा त्यात मुलगे म्हणून वाढलेले असतात.

मराठी समीक्षेनेही ह्या उसाशाला बळ दिले आहे. कथेत खोली आली की समीक्षेत 'कोंडमारा' आलाच. भिंत आली की 'तुटलेपण' ठरलेले. विद्यार्थी हे शब्द परीक्षेपुरते पाठ करतात आणि मग आयुष्यभर आपल्या खोलीकडेही त्याच शब्दांतून पाहतात. चाळीचे आपले लोकप्रिय चित्रण पाहा. 'बटाट्याची चाळ' (१९५८) ह्या पुस्तकात शेवटी चाळच आपले मनोगत सांगते. पण त्या साऱ्या जगात जे घडते ते गॅलरीत, जिन्यात, नळावर. लावलेले दार तिथे संशयाला कारण होते. ह्यात त्या पुस्तकाचा दोष नाही. चाळीतले जगणेच तसे होते. दोष आपल्या वाचनाचा आहे. समूहाची गंमत आणि एकट्याची घुसमट, ह्यांपलीकडे दाराआडच्या एकट्या माणसाला सुखही होऊ शकते, ह्यासाठी आपण शब्दच घडवले नाहीत.

अन्यत्र ते घडले आहेत. जपानी कवी कामो नो चोमेई ह्याने १२१२ साली आपल्या दहा फूट चौरस झोपडीविषयी लिहिले. त्याचे आयुष्य म्हणजे उत्तरोत्तर लहान होत गेलेल्या घरांची मालिका होती. शेवटची झोपडी आधीच्या घराच्या शतांशाहूनही लहान होती. तरी तो तिच्या आतल्या मांडणीचे किती बारकाईने वर्णन करतो : बुद्धाचे चित्र कुठे, कविता आणि संगीताच्या हस्तलिखितांच्या पेट्या कोणत्या फळीवर, वाद्ये कशी टेकून ठेवली आहेत, अंथरूण कशाचे. शेवटी तो स्वतःला प्रश्न करतो, की सर्वसंगत्याग करून निघालेल्या मला ह्या झोपडीचा लोभ जडला, हे पापच नव्हे काय? लहान खोलीत रममाण होणे इतके खरे असू शकते, की विरक्ताला त्याची भीती वाटावी. त्यानंतर सुमारे सहा शतकांनी झाव्हिए द मेस्त्र ह्या सैनिकी अधिकाऱ्याने द्वंद्वयुद्धापायी मिळालेली बेचाळीस दिवसांची नजरकैद तुरिनमधल्या आपल्या खोलीत काढली आणि त्या खोलीचे प्रवासवर्णन लिहिले. ते १७९४ साली प्रसिद्ध झाले. पलंग, आरामखुर्ची, भिंतीवरची चित्रे हीच त्यातली स्थलदर्शने. अर्थात त्याची सकाळची कॉफी करणारा नोकर त्याच खोलीत वावरत होता, हेही विसरू नये. ही पुस्तके आपल्या अभ्यासक्रमात आलीच तर 'एकांताचे तत्त्वज्ञान' म्हणून येतात. ती मांडणीची पुस्तके आहेत, हे कोणी सांगत नाही.

इथे एक रास्त आक्षेप येईल : लहान खोलीचे कौतुक ही भरल्या पोटाची करमणूक आहे. ह्या आक्षेपाला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या. त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात सहा माणसे राहत असतील, तर माणशी सत्तावीस चौरस फूटही येत नाहीत. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या पहिल्या रहिवाशांना पुनर्विकासातल्या ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांना लहानपणाचे सौंदर्य समजावून सांगायला जो जाईल, त्याने मार खाऊनच यावे. आमच्या ऐंशी फुटांत आम्ही एकटे आहोत. तेव्हा आम्ही त्या चाळकऱ्याच्या तिप्पट जागेत राहतो. पण ह्यावरून सिद्ध काय होते? खोलीचा जाच फुटांत मोजता येत नाही. तो माणसे किती, दार लावता येते का, आणि आतली वस्तू आपल्या मनाने हलवता येते का, ह्यांवर ठरतो.

व्हर्जिनिया वुल्फचे १९२९ सालचे पुस्तक आपण 'स्वतःची खोली' म्हणून सतत उद्धृत करतो. तिने स्त्रीसाठी वर्षाला पाचशे पौंड मागितले आणि दाराला कुलूप असलेली खोली मागितली. खोली किती मोठी हवी, ते तिने सांगितलेले नाही. कुलूप मात्र सांगितले आहे.

म्हणून खरा वाद आरसा लावावा की नाही हा नाहीच. सजावट करणे म्हणजे आपली जागा आपण मांडणे. आणि लहान खोलीत ज्यांना पाठवले जाते, त्यांनाच हा हक्क बहुधा नाकारला जातो. मुलाने नवा फ्लॅट घेतला की लहान बेडरूम आईला मिळते. तिथले रंग, पडदे, प्लायचे कपाट सगळे आधीच ठरलेले असते. आईची पत्र्याची ट्रंक, तिचे लाकडी देवघर, खुंटीवरची पिशवी ही 'मॅच होत नाहीत' म्हणून गावी जातात. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या भाडेकरूला भिंतीत खिळा ठोकायची बंदी असते. वसतिगृहात तर ती पाटी दारावरच असते. तीन विद्यार्थिनींना एक खोली द्यायची, भिंतीवर चित्र लावले तर दंड करायचा, आणि वर्गात त्यांनाच वुल्फ शिकवायची! ह्यातली विसंगती ज्या प्राध्यापकांना खुपत नाही, त्यांनी ते पुस्तक कशासाठी वाचले ते त्यांनाच ठाऊक.

जागा लहान असली की साधेपणाच्या नावाखाली सजावट टाळावी, असेही काहीजण म्हणतील आणि गांधीजींचा दाखला देतील. तो दाखला नीट पाहावा. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले. आज बापूकुटी म्हणून दाखवली जाते ती कुटी आधी मीराबेनची होती. तिच्या मातीच्या भिंतींवर मीराबेननी मातीतच उठवलेली झाडे आणि चरखा आजही दिसतात. वेगळी वस्तू आणली नाही, खर्च केला नाही, जागा व्यापली नाही. तरी ती सजावटच आहे.

आमची मागणी त्यामानाने अगदी लहान आहे. आईच्या खोलीला रंग देण्यापूर्वी तिला रंग विचारावा, आणि तिची ट्रंक तिच्या कॉटखाली राहू द्यावी. करारनाम्यातून आणि वसतिगृहाच्या दारावरून खिळ्याची बंदी काढावी. आणि साहित्याच्या वर्गात पुढच्या खेपेला कथेतली खोली आली, तर 'कोंडमारा' हा शब्द फळ्यावर लिहिण्याआधी विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे : ह्या खोलीत कोणती वस्तू कुठे ठेवली आहे, आणि ती तिथे कोणी ठेवली?