वऱ्हाडांत येणाऱ्या पाहुण्यांस

गेल्या महिन्यांत पुण्याहून आमच्या भाच्याचें पत्र आलें. विवाहानंतर प्रथमच तो सपत्नीक इकडे येणार आहे. "शेगांवचें दर्शन घेऊन दुपारीं आपणांकडे जेवावें आणि रात्रीच्या गाडीनें परतावें असा बेत आहे; याखेरीज तिकडे पाहण्यासारखें कांहीं असल्यास कळवावें," असें त्यानें लिहिलें होतें. हें शेवटचें वाक्य आमच्या घरांत सर्वांनाच झोंबलें. वहिनींनीं तर पत्र पुन्हां वाचवून घेतलें आणि "असल्यास म्हणजे काय?" असा सवाल केला. त्यास उत्तर लिहावयास बसलों तों तें इतकें लांबलें कीं, वाचकांच्या घरींहि अशीं पत्रें येतच असतील असें मनांत आणून त्यांतील सार येथें देत आहों.

पहिली गोष्ट ऋतूची. वैशाखांत वऱ्हाडांत येऊं नये. येथें उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि रात्रींहि भिंती निवत नाहींत. शाळांना सुटी मे महिन्यांतच असते हें आम्ही जाणतों. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं आमचे मुंबईचे व्याही अशाच सुटींत आले, आणि उत्साहाच्या भरांत आम्हीं त्यांस भर दुपारीं नरनाळ्याचा किल्ला दाखविण्यास नेलें. व्याह्यांना ऊन लागलें. पुढचे तीन दिवस कैरीचें पन्हें, कांद्याचा रस आणि कूलरसमोरची खाट एवढेंच त्यांचें वऱ्हाडदर्शन झालें. चूक सर्वस्वीं आमची होती. शारदीय नवरात्रापासून माघापर्यंतचा काळ उत्तम.

मुंबईकडून येतांना शेगांव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशीं स्थानकें ओळीनें लागतात. बडनेऱ्याहून अमरावती सुमारें दहा किलोमीटर. २०२५ च्या एप्रिलांत बेलोऱ्याहून मुंबईचें विमानहि सुरू झालें. तथापि काळी जमीन आणि तिच्यावरची पांढरी फुटलेली पऱ्हाटी पाहावयाची तर आगगाडीची खिडकीच बरी.

अमरावतींत सकाळीं लवकर परकोटांत शिरावें. पेंढाऱ्यांच्या भयास्तव निजामाच्या अमदानींत १८०७ च्या सुमारास हा कोट बांधावयास घेतला. त्याच्या आंत कापसाच्या पेढ्यांचा पैसा होता. १८४२ सालीं येथील एकाच व्यापाऱ्यानें एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्यास धाडला, अशी नोंद जुन्या गॅझेटियरांत आहे. त्या काळीं इकडे आगगाडी नव्हती हें लक्षांत घेतलें म्हणजे लाख बैलांची ती रांग डोळ्यांपुढें उभी राहते. जवाहर गेट, अंबा दरवाजा, नागपुरी गेट, खोलापुरी गेट हे दरवाजे आणि माता खिडकी, पटेल खिडकी हीं नांवें अद्याप लोकांच्या तोंडीं आहेत. मोटारींतून हें कांहीं दिसत नाहीं. पायींच हिंडावें.

तेथून अंबादेवी आणि शेजारींच एकवीरा. रुक्मिणी कौंडिण्यपुराहून याच देवीच्या दर्शनास आली असतां श्रीकृष्णानें तिचें हरण केलें, अशी येथील परंपरा आहे. वऱ्हाडांतील माहेरवाशिणीला हें सांगावें लागत नाहीं. परंतु या देवळाची दुसरीहि एक हकीकत आहे, आणि ती आमच्यासारख्या घरांतून सहसा सांगितली जात नाहीं. अस्पृश्य मानलेल्या बांधवांना देवीचें द्वार मोकळें व्हावें म्हणून १९२७ सालीं डॉ. पंजाबराव देशमुखांनीं चळवळ केली; त्याच वर्षीं नोव्हेंबरांत डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं याच शहरांत परिषद भरली. त्या वेळीं धर्माचा हवाला देऊन विरोध करणाऱ्यांत आमचीहि वडील मंडळी होती, असें आजी सांगत असे. पाहुण्यांस ओटीचें ताट देतांना ही गोष्टहि सांगावी असें आमचें मत आहे. घरांतील कित्येकांस तें रुचत नाहीं. आम्ही मात्र सांगतों.

सायंकाळीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर जावें. १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं लावलेलें हें रोप. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगीं येथील मंडळींनीं कबड्डीसारखे आपले देशी खेळ त्या परक्या मुलखांत करून दाखविले. मल्लखांबावरचीं मुलें पाहतांना पाहुण्यांचीं मुलें हातांतला मोबाईल विसरतात, हा आमचा अनुभव आहे. दुसरे दिवशीं तपोवनास जावें. कुष्ठरोग्यांना घरच्यांनींहि उंबऱ्याबाहेर ठेवण्याच्या काळांत, १९४६ सालीं, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनीं तें उभें केलें. तेथें पाहण्यासारखें काय, असें विचारूं नये, जाऊन यावें.

आतां जेवणाचें. गोळाभात आणि वर तेलाची फोडणी, पाटवडीचा रस्सा, रोडगे आणि वांग्याची भाजी, कढीसोबत मिरचीचीं भजीं, आणि थंडीच्या दिवसांत सांबारवडी. येथें पाहुणा हटकून अडतो. पुणेकरास सांबार म्हणजे इडलीबरोबरचें. वऱ्हाडांत सांबार म्हणजे कोथिंबीर. या एका शब्दावर आमच्या पानाभोवतीं आजवर पुष्कळ हंशा झाला आहे, आणि आम्हीहि त्यांत सामील होत आलों आहों. परंतु या शब्दाची एक गोष्ट आम्हीं आजवर कोणास सांगितली नव्हती.

आम्ही पुण्यास कॉलेजांत असतां पहिल्याच आठवड्यांत मंडईंत "दोन जुड्या सांबार द्या" म्हणालों. भाजीवाली हंसली, बरोबरचे मित्र त्याहून अधिक हंसले. त्या दिवसापासून चार वर्षें आम्हीं तो शब्द उच्चारला नाहीं. "करून राहिलों" हें तोंडांत आलें तरी गिळून टाकीत असूं. वावराला शेत म्हणावयास शिकलों. पुढें सुटींत घरीं आलों तेव्हां आजीनें ओसरीवर विचारलें, "काऊन रे, असा परक्यावानी काऊन बोलतो?" आणि त्या क्षणीं आम्हांस स्वतःची नव्हे, तिची लाज वाटली. आज ती नाहीं. तिचा तो प्रश्न मात्र कोथिंबिरीची जुडी निवडतांना कधींतरी कानीं येतो.

म्हणून भाच्यास आम्हीं आग्रहानें लिहिलें आहे कीं, एक दिवस रिद्धपुरास द्यावा. मोर्शी तालुक्यांतलें हें गांव. दिसावयास इतर गांवांसारखेंच. श्रीगोविंदप्रभूंचें येथें वास्तव्य होतें, श्रीचक्रधर त्यांच्या भेटीस येथेंच आले, आणि तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं चक्रधरांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलें तेंहि येथेंच. मराठीचा आद्य गद्यग्रंथ म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवितों तो हा. आणि महदंबा! गोविंदप्रभूंना लग्नाचा सोहळा करावासा वाटला, तेव्हां तिनें धवळे गाइले. विषय, रुक्मिणीचें लग्न. ज्या मुलखांतली नवरी त्याच मुलखांत तिचीं गाणीं झालीं. आमच्या नव्या सूनबाई मराठी घेऊन एम्. ए. झाल्या आहेत, महदंबेवर त्यांनीं परीक्षेंत उत्तरहि लिहिलें असेल, परंतु रिद्धपूर नकाशावर कोठें हें त्यांना ठाऊक नव्हतें असें त्यांनींच मोकळेपणानें कळविलें. त्याबद्दल त्यांस दोष कसा द्यावा? आम्हीहि चाळिशी उलटल्यावरच तेथें प्रथम गेलों. शासनानें मराठी भाषा विद्यापीठासाठीं हेंच गांव निवडलें, आणि २०२४ सालीं तें स्थापन झालें. तेथें जातांना गाडीवाल्याशीं बोलत जावें आणि त्याच्या बोलण्यावर हंसूं नये.

चिखलदऱ्याची शिफारस करण्याची आवश्यकता नाहीं. सारे जातातच, आणि रविवारीं तर जाऊंच नये. गेल्यास मात्र पठारावरून परत न फिरतां गाविलगडांत आंतपर्यंत जावें. १५ डिसेंबर १८०३ रोजीं वेलस्लीनें हा गड घेतला. पुढें वॉटर्लूवर नेपोलियनास हरविणारा वेलिंग्टन तो हाच.

अकोल्यास एक दिवस पुरे, असें अमरावतीकर म्हणतात; अकोलेकर तें ऐकून घेत नाहींत आणि आम्हीहि त्यांच्याच बाजूचे. मोर्णेच्या कांठीं असदगड आहे. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारीं गांधीग्रामहून पूर्णेचें पाणी खांद्यावर घेऊन राजराजेश्वरास येणाऱ्या कावडी पाहाव्या. त्या दिवशीं शहरांत मोटार नेण्याचा विचारहि करूं नये. बाळापुरास मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर किल्ला आहे आणि जवळच मिर्झाराजा जयसिंगाची काळ्या दगडाची छत्री. पुरंदरचा तह मुलांच्या पुस्तकांत असतोच. छत्रीखालीं बसून तो वाचावा. नरनाळ्यास महाकाळी दरवाजा १४८७ चा, कमळांनीं आणि अक्षरांच्या वेलबुट्टीनें भरलेला. त्याखालीं सकाळीं आठच्या आंत पोंचावें. कारण वर सांगितलेंच आहे.

लहान मुलें बरोबर असल्यास मूर्तिजापुरास शकुंतला विचारतील. कापसासाठीं बांधलेली ही अरुंद गाडी यवतमाळास आणि अचलपुरास जात असे. १९२१ सालीं मँचेस्टरास घडलेलें तिचें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत धांवलें. आतां ती गाडी बंद आहे. आमच्या वहिनी अचलपूरच्या, त्याच गाडीनें सासरीं आल्या; त्या स्थानकावरून जातांना त्या खिडकींतून बाहेर पाहत नाहींत.

परततांना संत्रीं न्यावीं. बाजारांत तीं नागपुरी म्हणून विकलीं जातात, परंतु त्यांतलीं पुष्कळ आमच्या वरुड-मोर्शीच्या बागांतलीं असतात. दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहार, माघ-फाल्गुनांत मृगाचा. भाच्याचें उत्तर परवां आलें. एका दुपारचे आतां चार दिवस झाले आहेत. वहिनींनीं माडीवरची खोली झाडून घेतली, आणि सूनबाईंनीं पत्राच्या कडेला स्वतःच्या हातानें एक ओळ लिहिली आहे: "मामंजी, सांबारवडी मला शिकवाल ना?" शिकविणार अर्थात् वहिनी, आम्ही फक्त सांबार आणून देऊं.