आधी मजले, मग बस

विजय नगरच्या माणसाला पत्ता विचारा, तो आकडा सांगेल. स्कीम ५४, स्कीम ७४, स्कीम ७८. इंदूर विकास प्राधिकरणाने शेतजमिनी घेतल्या, प्लॉट पाडले, विकले. त्या योजनांचे हे क्रमांक. पुढे कॉलन्यांना नावं मिळाली, पण रिक्षावाल्याला आजही नंबर सांगितला की पुरतं.

योजना वाईट नव्हती. रस्ते रुंद ठेवले, बागांना जागा सोडली. मेघदूत उपवनात सकाळी पाय मोकळे करणारे येतात, संध्याकाळी पोरंबाळं घेऊन कुटुंबं येतात. बाहेरच्या चौपाटीने तर साऱ्या शहराला इकडची वाट दाखवली. राहून गेली ती बस. आधी घरं आली, मग मॉल, हॉस्पिटलं, कोचिंग क्लास, आणि पोर्चमध्ये आधी एक, मग दोन गाड्या. हे सगळं बसून गेल्यावर २०१३मध्ये आग्रा-मुंबई रस्त्याच्या मधोमध निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा अशी साधारण साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठीची मार्गिका, आली. तिच्यावरून आयबस सुसाट निघून जायची आणि कठड्याच्या दोन्ही अंगांना गाडीवाले हॉर्न वाजवत तिच्याकडे बघत बसायचे. ते त्यांना कधीच पचलं नाही. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी उच्च न्यायालयाने ही मार्गिका काढून टाकायला मुभा दिली आणि बारा वर्षांचा प्रयोग गुंडाळला गेला. गाड्या घरी आल्यानंतर बससाठी रस्ता मागितला, तर तो कोण सुखासुखी देणार?

हा जुना हिशेब आता काढायचं कारण म्हणजे विमानतळ. इंदूर आणि भोपाळच्या मधल्या पट्ट्यात नवा मोठा विमानतळ व्हावा, ही चर्चा अधूनमधून डोकं वर काढते. तो खरंच झाला, तर आजच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाचं काय, हा प्रश्न ओघाने येणार. बिजासन टेकडीजवळची ही जागा १९३५मध्ये, होळकर संस्थानाच्या काळात, टाटांच्या नेविल व्हिन्सेंट यांच्या सल्ल्याने निवडली गेली. तेव्हा ती गावाबाहेर होती. आता शहर तिच्या कुंपणापर्यंत पोचलं आहे.

भारतात असा प्रश्न सोडवल्याचा धडा जवळपास नाही. हैदराबादचं बेगमपेठ आणि बंगळुरूचं एचएएल, दोन्हीकडची नेहमीची प्रवासी विमानं २००८मध्ये नव्या विमानतळांवर गेली, धावपट्ट्या मात्र जागच्या जागी राहिल्या. धडा बघायचा तर बाहेर जावं लागतं.

व्हिएन्नाच्या पूर्वेला आस्पर्नचा विमानतळ १९१२पासून होता. तो १९७७मध्ये बंद झाला. त्या जागेवर आता ‘झेश्टाट’, म्हणजे तलावाकाठचं शहर, उभं राहतंय. एकूण २४० हेक्टर, मधोमध खोदलेला तलाव, आणि बऱ्याच रस्त्यांना, चौकांना बायकांची नावं: एक चौक हाना आरेंटचा, तर एक रस्ता जॅनिस जॉप्लिनचा. पण खरी गंमत क्रमात आहे. शहराची यू-२ मेट्रो ऑक्टोबर २०१३मध्ये तिथे पोचली. पहिले रहिवासी सामान घेऊन आले २०१४मध्ये. मधले काही महिने मेट्रो जवळजवळ रिकाम्या माळावर येऊन थांबत होती. ज्याने तिथे घर घेतलं, त्याला गाडी घ्यावी की नको हे ठरवायच्या आधीच स्टेशन दारात मिळालं.

अमेरिकेत डेन्व्हरचा स्टेपलटन विमानतळ १९९५मध्ये बंद झाला, तेव्हा धावपट्ट्यांचं काँक्रीट फोडून त्याची खडी पुन्हा बांधकामात वापरली. टेक्सासमधल्या ऑस्टिनचा म्युलर विमानतळ १९९९मध्ये बंद झाला. तिथल्या वस्तीत साधारण चौथा हिस्सा घरं कमी उत्पन्नाच्या लोकांना परवडतील अशी ठेवायचं आधीच ठरलं होतं, आणि जुना कंट्रोल टॉवर खूण म्हणून जपला. बर्लिनकरांनी तर सगळ्यांवर ताण केली. टेंपलहोफ २००८मध्ये बंद झाला. सरकार त्याच्या कडेकडेने घरं बांधू म्हणालं, तर लोकांनी २०१४मध्ये मतदान करून ‘एक वीटही नको’ असा कौल दिला. आज धावपट्टीवर लोक सायकली फिरवतात, पतंग उडवतात. घरभाडी वाढली की तिथे हा वाद पुन्हा निघतो, हेही खरं.

इंदूरला मात्र विमानतळ हलायची वाट बघायची गरज नाही. तसलीच एक मोठी मोकळी जमीन शहराच्या पोटात आजच आहे: हुकुमचंद मिलची.

सर सेठ हुकुमचंद यांची ही कापडगिरणी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांची देणी कोर्टकचेऱ्यांत अडकली. तीस वर्षं निघून गेली. अनेक कामगार पैशाची वाट बघता बघता गेले. अखेर २५ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश दिला गेला, आणि साधारण ४,८०० कामगारांचा प्रश्न सुटला. राज्याने देणी भागवायची आणि जमीन ताब्यात घेऊन तिथे घरं-दुकानं बांधायची, असा तो तोडगा. जमीन साधारण साडेबेचाळीस एकर, आणि ती आली गृहनिर्माण मंडळाच्या हाती. पण या तीस वर्षांत भिंतीआड माणूस फिरकला नव्हता, झाडं मात्र वाढत होती. भोवतालच्या दाट वस्तीत तेवढाच एक हिरवा तुकडा उरला. तो तोडू नका, असा आवाज त्यामुळेच शहरात उठला.

मराठी माणसाला गिरणीच्या जमिनीची गोष्ट नवी नाही. मुंबईत ५८ गिरण्या आणि सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१च्या नियमाने तिचे तीन वाटे केले: एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक स्वस्त घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. १९९६मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्र विचार कसा करता येईल ते दाखवलंही. २००१मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्यापुरती उरली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. मग परळ-लोअर परळला मॉल आणि टॉवर उभे राहिले, तीन वाट्यांचं बोलणं कागदावर राहिलं. इंदूरची स्थिती याहून बरी आहे. इथे जमीन मालकाकडे नाही, सरकारी मंडळाकडे आहे. आधी काय करायचं हे ठरवायची मोकळीक अजून शिल्लक आहे.

क्रम उलटवून बघायचा प्रयोग इंदूरने नकळत एकदा केलाही. ३१ मे २०२५ रोजी शहराची पहिली मेट्रो धावली ती गजबजलेल्या विजय नगरात नव्हे, विमानतळाच्या बाजूला सुपर कॉरिडॉरवर, गांधी नगरपासून सुमारे सहा किलोमीटर. पहिला आठवडा फुकट होता, तेव्हा गर्दी झाली. नंतर डबे रिकामे धावू लागले आणि लोकांनी टिंगल सुरू केली. आस्पर्नचे पहिले महिने आठवले तर ही टिंगल थोडी आवरती घेता येईल. मात्र मेट्रो आधी आली म्हणून काम संपत नाही. स्टेशनापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात सामान्य माणसाची घरं, शाळा, सावलीचे रस्ते आले तरच त्या रिकाम्या डब्यांना अर्थ.

आधी काय आणि मग काय, हा विचार इंदुरात शंभर वर्षांपूर्वीच मांडला गेला होता. होळकर दरबारच्या निमंत्रणावरून आलेले नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८मध्ये शहराच्या आराखड्याचा दोन खंडी अहवाल दिला. त्याआधी प्लेगच्या धास्तीत त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली. ती कोणत्या रस्त्याने जाणार हे घराघरांच्या साफसफाईवर ठरणार, असं जाहीर केलं आणि गल्ल्या चकाचक झाल्या. आधी बघायचं, मोजायचं, कमीत कमी तोडायचं, मग बांधायचं, ही त्यांची रीत. २०१७पासून स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहराला ती परकी वाटायचं कारण नाही.

इंदूरचा विकास आराखडा २०२१पर्यंतचा होता. मुदत उलटल्यावरही शहर त्याच्यावर रेटत राहिलं. मध्य प्रदेशच्या १९७३च्या नगर निवेश कायद्याप्रमाणे नव्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात. विजय नगरच्या वाचकांनी ते वाया घालवू नयेत. आपल्या गल्लीच्या रुंदीबरोबर आणखी तीन प्रश्न लेखी विचारावेत: हुकुमचंदच्या आवारातली किती झाडं मोजली आणि किती राखणार, तिथून बस किंवा मेट्रो किती पावलांवर असेल, आणि ज्या कामगारांच्या देण्यांपायी ही जमीन आली त्यांच्या नातवंडांना परवडेल असं एक तरी घर तिथे असेल का.